तिसऱ्या नळीतले पाणी

फोन आला तेव्हा मी प्रातःसंध्या आटोपून ताम्हणातले पाणी खिडकीतल्या तुळशीला घालत होतो. इतक्या सकाळी इरा कधी फोन करत नाही. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. "आत्ताच. ही वॉज नॉट इन पेन, नर्स म्हणाली. आत्याला तुम्ही सांगाल का प्लीज? मला नाही जमत..." मी बरे म्हणालो. स्वयंपाकघरात आलो तेव्हा मालती कणीक मळत होती. माझ्याकडे पाहून तिने एवढेच विचारले, "रघू?" मी मान हलवली. तिने हात धुतले, कणकेवर ताटली झाकली आणि खुर्चीवर बसली. त्या दिवशी ती कणीक तशीच राहिली.

रघुनाथ हा माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आमचे लग्न झाले तेव्हा तो शाळेत होता आणि मी वाईच्या पाठशाळेतून बाहेर पडून साताऱ्याच्या एका विद्यालयात संस्कृत शिकवू लागलो होतो. पुढे तो विज्ञानाचा पदवीधर झाला, कॅनडात आला आणि एका विद्यापीठात उपकरणे सांभाळणारा तंत्रज्ञ म्हणून राहिला तो निवृत्तीपर्यंत. आम्ही उभयता मुलाकडे ब्रॅम्पटनला राहायला आलो त्यालाही आता पंधरा वर्षे होतील. रघू दीड तासाच्या अंतरावर राहत असे. इराची आई निवर्तल्यापासून तो बहुतेक रविवारी आमच्याकडे जेवायला येई. देव मानत नसे. पण बाहेरचे बूट काढून, हातपाय धुतल्याशिवाय देवघरासमोरून कधी गेला नाही. मला तो दाजी म्हणे, आणि थट्टा करण्याचा मेहुण्याचा हक्क त्याने अखेरपर्यंत सोडला नाही.

त्याचे काम काय, हे मला पुष्कळ वर्षे नीट कळले नव्हते. तो दलदलीत काहीतरी मोजतो, एवढेच ठाऊक होते. एका रविवारी मी सरळच विचारले. तो उठला, फडताळातून मालतीची कैरीच्या लोणच्याची बरणी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ताई, लोणच्यावर तेल किती लागतं गं?"

"चार बोटं तरी हवंच. फोडी बुडायला हव्यात."

"आणि तेल खाली गेलं तर?"

"तर बुरशी. तुझ्या घरची बरणी मी पाहिली आहे, मला काय विचारतोस?"

"बघा दाजी, तीस वर्षांचं माझं काम ताईने दोन वाक्यांत सांगितलं."

मग त्याने सावकाश समजावले. कॅनडाच्या उत्तरेकडे मैलोन्मैल दलदली आहेत. तिथे शेवाळ वाढते, मरते, पण पाण्याखाली हवा पोहोचत नाही म्हणून पुरते कुजत नाही. हजारो वर्षे त्याचे थरावर थर साचत गेले आहेत. त्या काळपट, ओल्या, अर्ध्यामुर्ध्या कुजलेल्या थराला पीट म्हणतात. जुन्या काळी हवेतून घेतलेला कर्ब त्यात मुरून पडला आहे. पाणी वर आहे तोवर तो तिथे सुखरूप. कडक उन्हाळा पडला आणि पाणी खाली गेले की हवा आत शिरते, साठा कुजू लागतो आणि कर्ब वायू होऊन आकाशात परत जातो. आग लागली तर जमीनच आतून धुमसत राहते. उलट उबदार दिवसांत अतिवृष्टी झाली तर पाण्याखालून मिथेन नावाचा दुसरा वायू अधिक निघतो. "म्हणजे दोन्हीकडून मार," तो म्हणाला. "पूर्वी असा टोकाचा उन्हाळा कधीतरी यायचा. आता तो गेला म्हणेपर्यंत दुसरा येतो." वायू मोजण्याची पेटी होती, यंत्र होते, परंतु पाणी किती खोल आहे हे ठाऊक असल्याशिवाय वायूच्या आकड्याला अर्थ नाही. ते पाणी रघू मोजत असे.

मोजण्याचे साधन इतके साधे होते की मला प्रथम ती थट्टाच वाटली. दलदलीत जागोजागी भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या नळ्या उभ्या पुरलेल्या असतात. त्यांत भोवतालच्या पाण्याइतकेच पाणी चढते. रघूजवळ एक बारीक लांब नळी होती, तिच्यावर त्याने स्वतःच्या हाताने मापाच्या खुणा केल्या होत्या. ती पुरलेल्या नळीत हळूहळू सोडायची आणि वरच्या टोकाने फुंकत राहायचे. टोक पाण्याला टेकले की बुडबुड असा आवाज येतो. तिथे थांबायचे, खूण वाचायची. तो तिला फुंकणी म्हणे. एकदा त्याने आमच्या स्वयंपाकघरात पाण्याची बादली ठेवून प्रयोग करून दाखवला. मालती म्हणाली, "लहानपणी चुलीपुढे फुंकणी धर म्हटलं की पळून जायचास. आणि आता म्हातारपणी फुंकायचा पगार घेतोस?" तो मात्र फुंकतच होता. बुडबुड झाली तेव्हा तिनेच विचारले, "किती आलं रे?" त्याने खुणेवर बोट ठेवून सांगितले. त्यानंतर फुंकणी बाहेर निघाली की तिचा तो प्रश्न ठरलेला असे.

शोधनिबंध निघत, त्यांवर इतरांची नावे असत. "माझ्या नावाच्या पुढेही काही लागत नाही आणि मागेही," तो हसून म्हणे. वही मात्र त्याची होती. आकडे संगणकात जात ते इंग्रजीत. पण जागेवर तो जाड पुठ्ठ्याच्या वहीत मराठीत लिहून ठेवी. निवृत्तीनंतरही, विद्यापीठाशी बोलणे करून, उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तो जात राहिला. एकाच हाताने, एकाच पद्धतीने, एकाच जागी घेतलेली इतक्या वर्षांची मापे अन्यत्र फारशी नाहीत, याचा त्याला अभिमान होता. तो त्याने बोलून दाखवला नाही, आम्हाला कळत असे.

गेल्या वर्षी वसंतात त्याच्या रक्तात व्याधी निघाली. उपचार सुरू झाले, आणि तोच उन्हाळा विलक्षण कोरडा गेला. ब्रॅम्पटनलाही कित्येक दिवस दूरच्या वणव्यांचा धूर येऊन सूर्य तांबडा दिसे. रघू अस्वस्थ होता. त्याच्या दलदलीतले पाणी आपोआप नोंदवणारे यंत्र होते, पण पाणी त्या यंत्राच्याही खाली उतरले होते आणि यंत्र आता कोरड्यातच लोंबकळत होते. "इतक्या वर्षांत सगळ्यात खाली गेलेलं पाणी, आणि ते मोजायला फक्त फुंकणी," तो म्हणाला. "हे माप या उन्हाळ्यात घेतलं नाही तर ते कायमचं गेलं. मागाहून कोणी अंदाज करेल. अंदाज म्हणजे माप नव्हे." मालतीने एकट्याने जायचे नाही म्हणून सांगितले. तेव्हा तो मला म्हणाला, "दाजी, तुम्ही चला. तुम्ही गप्प बसता, ते मला चालतं."

मोटारीने पूर्ण दिवसाचा रस्ता. वाटेत मी त्याला पितृपंधरवड्याविषयी काही सांगत होतो, तर त्याने विचारले, "तुमच्या त्या तर्पणाच्या यादीत मेहुण्याला पाणी मिळतं का हो?"

"मिळते. श्यालक म्हणून स्वतंत्र उच्चार आहे."

"कितवा नंबर?"

"बराच खाली. सासऱ्यांच्याही नंतर."

"म्हणजे तिथेही बाबांच्या नंतरच ताट." तो खूप हसला. मग त्याला खोकला आला आणि आम्ही थोडा वेळ गाडी थांबवली...

दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी मोटेलवरून निघालो. दलदलीत जाण्यासाठी फळ्यांची अरुंद वाट घातलेली होती. त्याने नियम सांगितले. फळीवरून पाय खाली टाकायचा नाही. एका पावलाने खालचा वायू बुडबुड्यांनी बाहेर येतो आणि ठसा वर्षानुवर्षे राहतो. वायूच्या पेटीजवळ उभे राहून श्वास सोडायचा नाही, कारण ती आपला उच्छ्वासही मोजेल. "तुमचा प्राणायाम आज कामाला येईल," तो म्हणाला. मला ती जागा आवडली. खुरट्या काळ्या वृक्षांच्या मध्ये पसरलेले ते शेवाळ एरवी हिरवे-तांबूस असते म्हणे. त्या दिवशी ते फिकट, जवळजवळ पांढरे पडले होते. तळहाताने स्पर्श केला तर कागदासारखा आवाज आला. पण नियम इतक्या निष्ठेने पाळले जातात अशी जागा मी मंदिराबाहेर क्वचित पाहिली आहे.

यंत्राची बॅटरी आणायला तो गाडीकडे परत गेला. सूर्योदय होत होता. माझी संध्या राहिली होती. पळी-पंचपात्र आणि पाण्याचा लोटा मी पिशवीत घेतला होता, ताम्हण मात्र मोटेलवर विसरलो होतो. आचमन, प्राणायाम झाले. अर्घ्याची वेळ आली तेव्हा प्रश्न पडला की पाणी सोडावे कुठे. पायाखाली फळी, तिथे पाय पडणार. शेवाळावर काही पडू द्यायचे नाही. हाताशी तिसऱ्या क्रमांकाची नळी होती. वाकून पाहिले. खोल अंधारात पाण्याचा एक अगदी लहानसा ठिपका चमकत होता. जलाशयात दिलेले अर्घ्य उत्तम, असे आम्ही शिकलो आहोत, आणि माझ्या डोळ्यांना ती एक विहीर दिसली, आटत चाललेली. मी तीन अर्घ्ये तिच्यात दिली. मग लोट्यात उरले होते तेही सारे तिच्यात ओतले. खरे सांगायचे तर मला तिची दया आली होती.

रघू परत आला, कामाला लागला. पहिली नळी, दुसरी नळी. फुंकायचे, वाचायचे, लिहायचे. तिसऱ्या नळीत बुडबुड झाली आणि तो थांबला. फुंकणी वर घेतली, पुन्हा सोडली, पुन्हा फुंकले. वहीची मागली पाने उलटली. मग तो फळीवरच बसला.

"दाजी, पाणी वर आलंय."

मी नळीकडे पाहिले.

"मागल्या खेपेपेक्षा वर. पाऊस थेंबभर नाही. बाकीच्या दोन्ही खाली गेल्यात आणि ही वर. म्हणजे इथे खालून कुठूनतरी पाणी येतंय... झरा असेल. कळतंय का तुम्हाला? वरून सगळं वाळलं तरी इथे खालून आधार आहे. ही जागा टिकेल!"

त्याचा चेहरा मी पाहिला. व्याधी निघाल्यापासून तसा चेहरा पाहिला नव्हता. तोंडाशी आलेले शब्द मी गिळले. आजारी माणसाला काही दिवस आनंद झाला तर कोणाचे काय गेले, असे मनाला सांगितले. चाळीस वर्षे मुलांना सत्याविषयी जे शिकवले ते सगळे मला त्या सकाळी आठवत होते, आणि त्यातले काहीही उपयोगी पडत नव्हते. तो मात्र उत्साहाने काम करत राहिला, मधूनमधून तिसऱ्या नळीकडे पाहत राहिला. तिथे फोन लागत नाही. गावात पोहोचताच विद्यापीठातल्या प्राध्यापकांना कळवायचे, असे त्याने दोनदा म्हटले.

दुपारी गाडीशी येऊन आम्ही मालतीने दिलेली थालीपिठे काढली. त्याने वही मांडीवर घेतली आणि कळवायचा मजकूर तिच्या मागल्या पानावर लिहू लागला. दोन ओळी लिहून झाल्या होत्या. आता न बोललो तर ते कायमचे लिहिले जाईल, हे मला स्पष्ट दिसले.

"रघू, ते पाणी माझे आहे."

"काय?"

"सकाळी संध्या केली. तिसऱ्या नळीत अर्घ्य दिले. लोट्यात उरले होते तेही ओतले."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी मान खाली घातली नाही, एवढेच मला माझ्या बाजूने सांगता येईल. एक डास त्याच्या मनगटावर बसला होता, तोही त्याने हाकलला नाही. मग त्याने पेन्सिल उचलली.

"लोटा आणलाय? दाखवा."

मी दाखवला.

"भरलेला होता?"

"जवळजवळ काठोकाठ. आचमनाचे गेले असेल थोडे."

"किती वाजता?"

"सूर्योदयाला."

त्याने सगळे लिहून घेतले. आधीच्या दोन ओळींवर एक सरळ रेघ मारली, खोडरबर वापरला नाही. मग थालीपीठ पुन्हा हातात घेतले आणि म्हणाला, "झरा म्हणे! तीस वर्षं मोजतोय मी, आणि मेहुण्याच्या लोट्याने मला फसवलं."

"तुझी क्षमा मागतो."

"क्षमा कसली? तुम्ही पाणी दिलंत ती चूक नाही, दाजी, तुम्हाला काय ठाऊक. दिल्यानंतर सहा तास गप्प बसलात, ती चूक. तुमच्या गप्प बसण्याचं कौतुक मीच केलं होतं म्हणा..." मग तो हळू आवाजात म्हणाला, "मला बरं वाटावं म्हणून गप्प बसलात ना?"

मी होय म्हणालो.

"तसं परत करू नका. मला डॉक्टरही हल्ली तसंच बोलतात."

त्या रात्रीही आम्ही मोटेलवर राहिलो, कारण ओतलेले पाणी निथळून जाण्यास वेळ द्यायला हवा होता. दुसऱ्या सकाळी मी संध्या खोलीतच केली. तिसऱ्या नळीत त्याने फुंकणी सोडली. ती उतरत गेली, उतरत गेली. अखेरची खूणही आत गेली आणि आवाज आला नाही. त्याने खिशातून नळीचा दुसरा तुकडा काढला, चिकटपट्टीने जोडला, पुन्हा सोडली. त्याला दम लागत होता. मी हात पुढे केला, तो म्हणाला, "नको, एकाच माणसाने फुंकायचं." अखेर फार खोलवरून बुडबुड ऐकू आली. इतक्या वर्षांतले ते सर्वांत खालचे पाणी होते. त्याने जोडलेली लांबी पट्टीने दोनदा मोजली, लिहिले आणि वही मिटली. "वाईट आहे," तो म्हणाला. "पण खरं आहे. आता कळवायला हरकत नाही."

परतीच्या वाटेवर तो बहुतेक झोपला होता, म्हणजे मी गाडी चालवू शकत नसल्याने दर तासाला कुठेतरी थांबून झोपत होता. घरी पोहोचल्यावर मालतीने विचारले, कसे झाले? त्याने सारी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली, आणि ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. हसून झाल्यावर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सांगितलंत, ते बरं केलंत."

त्या हिवाळ्यात तो खंगत गेला. या वर्षी वसंतात पाऊस मात्र अतोनात झाला. रुग्णालयाच्या खिडकीवर पाण्याचे लोट येत असत आणि तो डोळे मिटून ऐकत असे. "तिकडे पाणी वर आलं असेल," मी एकदा म्हणालो. सांत्वन म्हणूनच म्हणालो असेन. "आलं असेल," तो म्हणाला, "आणि ऊब आली की मिथेनची दिवाळी सुरू होईल. पाणी आलं म्हणजे सगळं बरं झालं असं नसतं, दाजी. मोजल्याशिवाय काही म्हणू नका." मोजायला आता विद्यापीठातली एक तरुण संशोधिका जात होती. तिने फोनवर आकडे सांगितले की तो ते इराकडून वहीत लिहवून घेई. इराला मराठी लिहिता येत नाही; तिची इंग्रजी अक्षरे त्याच्या मराठीखाली तशीच पुढे चालू आहेत.

अंत्यसंस्कारानंतर अस्थी कुठे विसर्जित कराव्यात, हा प्रश्न आला. मी मनाशी ठरवले होते की त्या दलदलीतच कराव्यात. ज्या पाण्यापाशी त्याने आयुष्य काढले त्यापरते दुसरे तीर्थ त्याला कोणते? मी तसे बोलणार, तोच इराने वहीच्या शेवटच्या पानाशी ठेवलेला एक कागद माझ्यापुढे केला. "काका, हे वाचा ना. बाबांनी इट्स फॉर यू असं सांगितलं होतं." त्यावर रघूच्या अक्षरात होते: दाजींना सुचेल म्हणून आधीच लिहितो. राख तिकडे टाकू नये. राखेत क्षार असतात, शेवाळ मरते आणि पुढची मापे बिघडतात.

मालती रडता रडता हसली. आम्ही दक्षिणेकडच्या एका मोठ्या तळ्यावर गेलो, जिथे कोणी काही मोजत नाही.

वही आता त्या संशोधिकेकडे आहे. त्यातल्या एका पानाची प्रत इराने मला दिली. गेल्या उन्हाळ्यातले पान. तिसऱ्या नळीसमोर लिहिले आहे: दाजींनी सूर्योदयाला तीन अर्घ्ये दिली व लोट्यातले उरलेले पाणी ओतले. हेतू चांगला. माप रद्द. उद्या पुन्हा. हे पान मी पंचांगात ठेवले आहे. वर्ष पूर्ण झाल्यावर महालयात श्यालकाचा उच्चार येईल, तेव्हा मी त्याला पाणी देईन. ताम्हणातच देईन.

फुंकणीही इराने आमच्याकडे दिली. तिला गेल्या उन्हाळ्यात जोडलेला तुकडा आणि ती चिकटपट्टी अजून तशीच आहे. देवघराच्या बाजूला कोपऱ्यात ती उभी असते. परवा सकाळी पूजेसाठी पाण्याने भरलेली घागर समोर होती. मी फुंकणी घेतली, तिच्यात हळूहळू सोडली आणि फुंकत राहिलो. माझा श्वास आता पुरत नाही. मध्ये एकदा थांबावे लागले. मग बुडबुड झाली. स्वयंपाकघरातले भांड्यांचे आवाज थांबले. थोड्या वेळाने मालतीने तिथूनच विचारले, "किती आलं?"

मी खुणेवर बोट ठेवले, चष्मा लावून नीट पाहिले, आणि जेवढे होते तेवढेच सांगितले.